स्टिअरिंग अचानक जड झालं तर काय बघायचं? (जुनी पिकअप, जीप, कार असणाऱ्यांसाठी)



आजचा मेसेज फवारणीचा नाही, गाडीचा आहे. आपल्याकडे बहुतेकांच्या गाड्या दहा-बारा वर्षं जुन्या, आणि नारळ-सुपारी, आंब्याच्या पेट्या, खताच्या गोणी सगळं त्याच गाडीतून जातं. म्हणून हे वाचून ठेवा.

आधी माझीच फजिती सांगतो. दापोलीहून नारळाची रोपं घेऊन येत होतो. आठ दिवस स्टिअरिंग वळवताना बोनेटमधून कूंऽऽ असा आवाज यायचा. डब्यातलं ऑइल कमी दिसलं म्हणून घरात पडलेली ब्रेक ऑइलची बाटली ओतली. ऑइल ते ऑइल, असं वाटलं! वेसवीला फेरीबोटीवर गाडी रिव्हर्सने घेताना स्टिअरिंग दगडासारखं झालं. मागे उतार, खाली खाडी, आणि चाक वळेना. चार माणसांनी हात लावला तेव्हा गाडी सरळ झाली. पुढे गॅरेजमध्ये सगळी रबरी सीलं फुगलेली निघाली.

*पहिली गोष्ट: घाबरायचं नाही.* पॉवर गेली तरी स्टिअरिंग आणि चाकं लोखंडाने जोडलेलीच असतात. गाडी वळते, फक्त जोर लागतो. दोन्ही हातांनी धरा, वेग कमी करा, सपाट जागा बघून बाजूला घ्या. घोणसे घाटासारख्या उतारावर असाल तर *इंजिन बंद करू नका.* इंजिन बंद झालं की थोड्याच वेळात ब्रेकही कडक होतो, आणि चावी काढलीत तर स्टिअरिंग लॉक होईल. इंजिन आपोआप बंद पडलं असेल तर ब्रेक पुन्हा पुन्हा पंप करू नका, एकदाच घट्ट दाबून धरा.

आता दोष कुठे आहे ते. बोलेरो, सुमो, पिकअप यांत बहुधा ऑइलचं पॉवर स्टिअरिंग असतं. इंजिनच्या पट्ट्यावर पंप फिरतो आणि तो दाबाने ऑइल ढकलतो. वॅगनआर, अल्टोसारख्या छोट्या गाड्यांत ते विजेच्या मोटरवर असतं, तिथे ऑइलचा डबाच नसतो. बोनेट उघडून आधी एवढं बघून घ्या.

*डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला आणि स्टिअरिंगही जड झालं*, तर बहुतेक पट्टा तुटला किंवा निसटला. बऱ्याच गाड्यांत त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंपही असतो. अशी गाडी "गावापर्यंत नेतो" म्हणून रेटू नका, इंजिन तापून हेड जाईल. पट्टा जागेवर आहे पण सकाळी स्टार्ट करताना किंवा पूर्ण वळवताना चीं-चीं करतो, तर तो सैल आहे किंवा घासून गुळगुळीत झालाय. इंजिन बंद करून मधोमध अंगठ्याने दाबा. साधारण एक सेंटिमीटरपेक्षा जास्त दबला तर ताणून घ्या.

पट्टा ठीक असेल तर डबा बघा. ऑइल खुणेच्या खाली गेलं की पंप हवा ओढतो आणि कूं-कूं सुरू होते. फेस आला असेल तरी तेच, हवा शिरलीय. काळपट आणि जळका वास म्हणजे बदलायला झालंय. कुठलं ऑइल ते डब्याच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. पुष्कळ गाड्यांना लालसर एटीएफ लागतं. *ब्रेक ऑइल कधीच नाही.*

पण ओतून काम संपत नाही. हे ऑइल जळत नाही, त्यामुळे कमी झालं म्हणजे कुठेतरी गळतंय. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाका, सकाळी डाग कुठे पडला ते बघा. आपल्या खाऱ्या हवेत पंपाकडून जाणारा लोखंडी पाइप क्लिपच्या खाली गंजतो, तिथे नक्की बघा. मासळीची खेप केली असेल तर खालून गोड्या पाण्याने गाडी धुवा. इंजिन चालू असताना गळती हाताने चाचपू नका. टायरमध्ये दोन-अडीच बार हवा असते, या पाइपात पूर्ण वळणावर साठ-सत्तर बारच्या वर दाब जातो. बारीक फवारा कातडीत घुसतो.

ऑइल आणि पट्टा दोन्ही ठीक, तरी जड? मग आधी पुढच्या टायरची हवा मोजा. हसू नका, अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात. नंतर सपाट जागी हँडब्रेक लावून, मागच्या चाकांना दगड देऊन, पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचला आणि खाली स्टँड द्या. इंजिन बंद ठेवून, चावीने लॉक सोडवून स्टिअरिंग फिरवा. अशातही अडकत असेल तर दोष पॉवरचा नाही. बॉल जॉइंट, क्रॉस किंवा ग्रीस बघायला सांगा. सहज फिरलं तर पंप किंवा गिअरबॉक्स. फक्त एकाच बाजूला जड असेल तर बहुधा गिअरबॉक्सचा व्हॉल्व्ह. गाडी उभी असताना जड पण रेस दिल्यावर हलकं होत असेल तर पट्टा किंवा थकलेला पंप. मेकॅनिकला हे असं सांगितलंत तर तो उगाच पंप बदलणार नाही.

हवा काढायची असेल तर गाडी अशीच उचललेली ठेवून, इंजिन बंद करून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा सावकाश फिरवा आणि डबा भरत राहा. बुडबुडे थांबले की इंजिन चालू करा. एरवीसुद्धा स्टिअरिंग अगदी टोकाला पाच सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नका, पंप तापतो.

विजेच्या स्टिअरिंगवाल्यांनी आधी बॅटरीचे टर्मिनल बघा. पांढरी-हिरवट भुकटी साचली असेल तर टर्मिनल सोडवून (आधी निगेटिव्ह) गरम पाण्याने साफ करा, घट्ट बसवा, वरून व्हॅसलीन लावा. करंट कमी पडला की मोटर स्वतःहून बंद होते. मग फ्यूज. अरुंद वाडीत गाडी बराच वेळ पुढे-मागे केली तरी मोटर तापून मदत कमी करते. दहा-पंधरा मिनिटं थांबा, पूर्ववत होईल. दिवा तसाच राहिला तर मात्र स्कॅनर लावावा लागेल.

गाडी आवाज करत असेल तर बोनेट उघडून मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि गाडीचं मॉडेल, वर्ष लिहून याच नंबरवर पाठवा. पंखा आणि पट्ट्यापासून हात, गमछा, ओढणी लांब ठेवा.