टेकडीवरची माती कुणाची?

(अभ्यासलेख : इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी)



यंदा पहिला मोठा पाऊस झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी ओढ्याला तांबडे, गढूळ पाणी आले होते. गुरुजींनी एक बाटली भरून आणायला सांगितली. ती वर्गाच्या खिडकीत ठेवली. सकाळी पाहतो तर वर निवळ पाणी आणि तळाला दोन बोटे गाळ! गुरुजी म्हणाले, "याला गाळ म्हणू नका. हे कुणाचे तरी शेत आहे. कुणाचे ते ओळखा." कुणालाच ओळखता आले नाही. म्हणून आम्ही या गोष्टीचा अभ्यास केला.

आपला जिल्हा

आपला अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा आहे. पश्चिमेला अकोले तालुक्यात सह्याद्रीच्या रांगा आणि 1646 मीटर उंचीचे कळसूबाई शिखर आहे. तिकडे पाऊस धो धो पडतो. पण ढग डोंगर ओलांडून इकडे येईपर्यंत रिकामे होतात. त्यामुळे पारनेर, नगर, कर्जत, जामखेड, पाथर्डी हे तालुके पर्जन्यछायेत येतात. येथे पाऊस कमी, आणि पडला तर दोन-चार तासांत कोसळून मोकळा होतो.

तरी पाऊस अगदीच थोडा असतो का? गुरुजींनी फळ्यावर गणित मांडले. एक गुंठा म्हणजे सुमारे 100 चौरस मीटर. त्यावर 100 मिलिमीटर पाऊस पडला, तर पाणी झाले सुमारे 10,000 लिटर. म्हणजे एका गुंठ्यावर एक मोठा टँकर! एकरात गुंठे 40, म्हणजे 40 टँकर. उन्हाळ्यात आपण एका टँकरसाठी हंडे घेऊन पळतो, आणि पावसाळ्यात एकरी 40 टँकर ओढ्याने जाताना नुसते बघतो. आणि ते पाणी जाताना रिकामे जात नाही, माती घेऊन जाते. बोटाच्या पेराएवढी माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात. वाहून जायला एक पाऊस पुरतो.

आम्ही केलेला प्रयोग

साहित्य : तेलाचे दोन रिकामे डबे आडवे कापून, माती, हरळीचे ढेकूळ, दोन विटा, झारी, दोन बाटल्या.

कृती : एका डब्यात नुसती माती भरली. दुसऱ्यात हरळीसकट माती बसवली. दोन्ही डबे विटेवर टेकवून उतरते ठेवले. दोन्हींवर एक-एक झारी पाणी सारखे ओतले व खाली येणारे पाणी बाटलीत धरले.

निरीक्षण : उघड्या मातीवरून पाणी लगेच आले, चहासारखे. हरळीवरून पाणी उशिरा आले, थोडे आले आणि बरेच निवळ आले.

अनुमान : गवत पावसाचा मार आपल्या अंगावर घेते, मुळांनी माती धरते आणि पाण्याला जमिनीत मुरायला वेळ देते.

माथा ते पायथा

पळणाऱ्या पाण्याला चालायला लावावे, चालणाऱ्याला थांबवावे आणि थांबलेल्याला जिरवावे. हे काम वरून खाली करायचे असते. टेकडीच्या माथ्यावर गवत व झाडे. उतारावर समतल चर, म्हणजे एकाच पातळीत आडवे खणलेले चर. घळीत दगडांचे छोटे बांध. शेतात बांधबंदिस्ती. ओढ्यावर नालाबांध, आणि शेवटी पाझर तलाव. आधी खालचा तलाव बांधला आणि वरची टेकडी उघडीच ठेवली, तर तलाव पाण्याऐवजी गाळाने भरतो.

आपल्याच जिल्ह्यातली तीन गावे

राळेगणसिद्धी (तालुका पारनेर) : सैन्यातली नोकरी संपवून अण्णा हजारे 1975 साली गावी परतले. गावाने श्रमदान केले, नाले अडवले, पाझर तलाव पाणी धरील असा केला. त्याबरोबर कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि नशाबंदीही पाळली.

हिवरे बाजार (तालुका नगर) : 1989 साली पोपटराव पवार सरपंच झाले. डोंगरावर चर खणले, झाडे लावली, मोकाट चराई थांबवली. गवत विळ्याने कापून घरी आणायचे, असे ठरले. शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही, ऊस-केळीसारखी फार पाणी पिणारी पिके घ्यायची नाहीत, बाहेरच्यांना जमीन विकायची नाही, हेही गावानेच ठरवले. पाऊस किती पडला ते मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि मग पिके ठरवतात. पोपटरावांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली.

दरेवाडी (तालुका संगमनेर) : येथे 1990 नंतरच्या दशकात पाणलोटाचे काम झाले. तेथे रान एकदम बंद न करता टप्प्याटप्प्याने बंद केले, म्हणजे जनावरे असणाऱ्यांची अडचण कमी होईल. ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटली. का, ते आता सांगते.

माझ्या घरची गोष्ट

आमच्या घरी चार शेळ्या आहेत. शेत नाही. शाळेमागच्या टेकडीवरचे गायरान हेच आमचे शेत. या स्वातंत्र्यदिनाच्या ग्रामसभेत टेकडीवर चराईबंदी करायची, असा विषय येणार आहे. मी घरी जाऊन प्रयोगाची गोष्ट मोठ्या उत्साहाने सांगितली. वडील काहीच बोलले नाहीत. आजी म्हणाली, "अगं, माती जाईल ती ज्याचं रान हाय त्याची. आपल्या शेळ्या गेल्या तर आपलं काय ऱ्हाईल?"

मला उत्तर सुचले नाही. थोड्या वेळाने तीच पुढे बोलली. 1972 च्या दुष्काळात ती माझ्याएवढी होती. तिने बंडिंगच्या कामावर पाट्या वाहिल्या, मिलोची तांबडी भाकर आणि सुकडी खाल्ली. ती म्हणाली, "तवा ह्या टेकडीवर गुडघ्याएवढं गवत व्हायचं म्हणत्यात मोठी माणसं. आता शेळीला दिवसभर फिरवावी तरी पोट भरत न्हाई. ते बी खरंच हाय."

दुसऱ्या दिवशी मी हे वर्गात सांगितले. गुरुजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बाटलीतली माती कुणाची, ते मी विचारले. टेकडीवरचे गवत कुणाचे, ते तुझ्या आजीने विचारले. दोन्ही प्रश्न लेखात लिही."

आमच्या वर्गाला सुचलेले उपाय

1. टेकडीचे तीन भाग करावेत. एका वेळी एकच भाग बंद ठेवावा. तिथे गवत आले की दुसरा बंद करावा.
2. बंद भागातले गवत विळ्याने कापायला परवानगी असावी. पहिला हक्क ज्यांना शेत नाही त्यांचा असावा.
3. चर खणण्याचे काम रोजगार हमीतून मागावे. मजुरी त्यांनाच आधी मिळावी, ज्यांची चराई थांबेल.
4. हे सगळे ग्रामसभेच्या ठराव-वहीत लिहून ठेवावे. तोंडी बोलणे पावसासारखे वाहून जाते.

आजीला हे वाचून दाखवले. ती म्हणाली, "गवत कापायला मी येते. पर आधी वहीत लिवा." वडिलांनी अजून हो म्हटलेले नाही. पण ते ग्रामसभेला येणार आहेत.

पालकांनो, आपणही यावे. बाटली खिडकीतच ठेवली आहे. जाताना जरूर पाहा.

सांगा पाहू!

1. तुमच्या शेतात किंवा अंगणात किती गुंठे जागा आहे? 100 मिलिमीटर पावसात तिथे किती टँकर पाणी पडेल?
2. पाझर तलावाआधी टेकडीवर काम का करावे?
3. तुमच्या घरची जनावरे कुठे चरतात? घरी विचारून लिहा.