आधी जन्मतारखा, मग सॉफ्टवेअर

नागपूर

चि. बाबूस,

मूलच्या आपल्या क्रीडा मंडळाचा कारभार एक्सेलमधून सॉफ्टवेअरवर न्यायचं तुम्ही ठरवलंत. न्याच. तीन पदाधिकाऱ्यांकडे खेळाडूंच्या तीन याद्या असल्या की खरी कोणती, हे कुणालाच सांगता येत नाही. पण चुकीची यादी नव्या जागी नेली तर ती चुकीचीच राहते.

म्हणून आधी जन्मतारखा बघ. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या गटांत होतात. तारीख चुकली की पोरगी मैदानाबाहेर. ०५/०८ म्हणजे ५ ऑगस्ट की ८ मे, हे एक्सेलमध्ये संगणकाच्या सेटिंगवर ठरतं. कुणी नुसता नावांचा रकाना सॉर्ट केला असेल, तर एकीची तारीख दुसरीच्या नावापुढे गेलेली असते आणि वरून सगळं ठीक दिसतं. प्रत्येक तारीख शाळेच्या दाखल्याशी ताडून पाहा. काम कंटाळवाणं आहे, तरी दुसऱ्यावर ढकलू नकोस. कृतिदेवमध्ये टाइप केलेली जुनी नावंही आधी युनिकोडमध्ये आण.

सॉफ्टवेअर विकणाऱ्याला विचार, एका फोन नंबरवर किती मुलं नोंदवता येतात? राजोली, बेंबाळकडच्या कितीतरी घरांत दोघी बहिणी आणि चुलतभाऊ यांच्यात एकच फोन. नंबरलाच ओळख मानणारं सॉफ्टवेअर तिघांचा एक खेळाडू करून टाकेल.

दर महिन्याच्या एक तारखेला फी, हा हिशेब पगारदारांचा. रोवणीत घरातला पैसा शेतात गेलेला असतो. तो धान विकल्यावर परत येतो. अशा दिवसांत थकबाकीचे मेसेज आपोआप जाऊ लागले तर आईबाप लाजेनं पोरीला घरी बसवतील. ते मेसेज बंदच ठेव. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

मंडळ १९५० च्या विश्वस्त कायद्याखाली नोंदलेलं आहे, हिशेब ३१ मार्चला मिटतो. तेव्हा १ एप्रिलला सुरुवात कर आणि क्रमांकाचं पावतीपुस्तक चालूच ठेव. ऑडिटर तेच मागतो. २०२३ चा माहिती संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती मागतो, ती लेखी घे. आधार कार्डांचे फोटो मात्र चढवू नकोस. सॉफ्टवेअरचं खातं मंडळाच्या ईमेलवर उघड, सचिवाच्या नव्हे, सचिव बदलतात.

दिवाळीत मी मूलला येतोच आहे. दाखले ताडायला सोबत बसू. यादीची छापील प्रत तेवढी काढून ठेव.

तुझा,
मामा