पुरळ, ताप आणि रुग्णालयाचं बिल

आपल्या मुलाचं वजन किती किलो आहे, ते आजच लिहून ठेवा. कोरोनानंतर मुलांना क्वचित होणाऱ्या एका गंभीर आजारात सगळ्यात मोठा खर्च त्याच आकड्यावर ठरतो. त्याकडे वळण्याआधी साध्या पुरळाबद्दल, कारण बहुतेक घरांत गोष्ट तिथेच संपते.

कोरोना झालेल्या काही मुलांच्या अंगावर बारीक लाल पुरळ येतं, पित्तासारख्या गांधी उठतात, क्वचित कांजण्यांसारखे पाणीदार फोड येतात. 2020 साली इटली, स्पेन, फ्रान्समधल्या मुलांच्या पायांची बोटं जांभळट होऊन सुजली होती. त्यातल्या बऱ्याच मुलांची कोरोना चाचणी निगेटिव्ह आली आणि बोटं काही आठवड्यांत आपोआप बरी झाली. मूल खेळतंय, खातंय, ताप नाही, अशा वेळी खर्च म्हणजे बालरोगतज्ज्ञांची एक फी, कॅलामाइन लोशन आणि त्यांनी लिहून दिलंच तर खाजेचं सिरप. ही औषधं जनऔषधी केंद्रात मिळाली तर आणखी स्वस्त पडतात. केमिस्टने चिठ्ठीशिवाय पुढे केलेलं स्टेरॉइडमिश्रित क्रीम मात्र घेऊ नका. त्याने मुलाची नाजूक त्वचा पातळ होते आणि मूळ आजारही झाकला जातो.

नुसत्या पुरळासाठी कोरोना चाचणीवर पैसे घालवायचीही गरज नाही. महाराष्ट्रात आरटी-पीसीआरचा कमाल दर जून 2020 मध्ये 2,200 रुपये होता, डिसेंबर 2021 मध्ये तो संकलन केंद्रावर 350 पर्यंत खाली आला. पण चाचणी स्वस्त झाली तरी तिच्या निकालाने पुरळावरचा उपचार बदलत नाही. त्याऐवजी पावसाळ्यात डेंग्यूचा विचार आधी करा आणि मुलाच्या लसीकरणाचं कार्ड काढून गोवराचे दोन डोस झालेत का ते बघा. नवव्या महिन्यातला आणि 16 ते 24 महिन्यांतला, हे दोन्ही डोस सरकारी केंद्रात मोफत आहेत.

आता महागडी बाजू. कोरोना होऊन गेल्यावर दोन ते सहा आठवड्यांनी काही मुलांच्या शरीरात एकाच वेळी अनेक अवयवांना सूज येते. डॉक्टर त्याला 'मिस-सी' म्हणतात. मूळ कोरोना इतका सौम्य असू शकतो की घरात कुणाला कळलेलाही नसतो. ओमायक्रॉननंतर हा आजार खूप कमी झाला, पण ओळखायला उशीर झाला तर हृदयावर बेततं. तीन दिवस न उतरणारा ताप, पुरळ, घाण न येता लाल झालेले डोळे, फुटलेले ओठ, लालभडक दाणेदार जीभ, सुजलेले हातपाय, पोटदुखी, उलट्या अशी त्याची लक्षणं. सावळ्या अंगावर लाली पटकन दिसत नाही, म्हणून तळहात, तळपाय आणि तोंडाच्या आत बघा. मूल गळून गेलं, हातपाय गार पडले, किंवा काचेचा ग्लास दाबूनही न पुसटणारे जांभळे ठिपके दिसले, तर सकाळची वाट पाहू नका. 108ची रुग्णवाहिका मोफत आहे.

रुग्णालयात रक्ताच्या तपासण्या आणि हृदयाचा टू-डी इको होतो. मुख्य औषधं दोन: स्टेरॉइड आणि इम्युनोग्लोब्युलिन. स्टेरॉइड स्वस्त आहे. इम्युनोग्लोब्युलिन दर किलो वजनाला 2 ग्रॅम लागतं. म्हणजे 15 किलोच्या मुलाला 30 ग्रॅम, 5 ग्रॅमच्या सहा कुप्या. समजा एक कुपी 10 हजारांना पडली, तर औषधाचेच 60 हजार. कंपनीनुसार किमतीत मोठा फरक असतो, म्हणून 'याच औषधाची स्वस्त कंपनी चालेल का?' हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. विचारण्यात कसलाही कमीपणा नाही. मे 2020 मध्ये राज्य सरकारने खासगी रुग्णालयांच्या दरांवर मर्यादा घातली होती, वॉर्डला दिवसाला 4,000 आणि व्हेंटिलेटरविना आयसीयूला 7,500. त्यातूनही इम्युनोग्लोब्युलिन वगळलेलंच होतं, ते छापील किमतीला मिळायचं. माझ्या मते ही मोठी उणीव होती. घरी आल्यानंतरचे इकोही हिशेबात धरा, एकाने भागत नाही.

पैसे नाहीत म्हणून कुणी थांबू नये. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं संरक्षण आता कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत आहे. योजनेतल्या रुग्णालयात डिपॉझिट भरण्याआधी रेशनकार्ड घेऊन आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला गाठा आणि हा उपचार कोणत्या पॅकेजमध्ये बसतो ते विचारा. धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात राखीव असतात. त्यासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे 1 लाख 80 हजार आणि 3 लाख 60 हजार आहे. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढलेला असला, तर रात्रीच्या वेळी धावाधाव होत नाही.

डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. इम्युनोग्लोब्युलिन दिलं असेल, तर गोवर आणि कांजण्यांच्या लसी 11 महिने पुढे ढकलाव्या लागतात. पुढच्या डोसच्या वेळी लस देणाऱ्या ताईंना ते कार्ड आवर्जून दाखवा.