आधी मतदान केंद्र, मग शब्दकोश

बारावीचे निकाल लागले की माझ्यासमोर तोच प्रश्न नवीन माणसं घेऊन येतात. "सर, मुलाला यूपीएससी करायचीय, पण इंग्रजी कच्चं आहे. निवडणुका, युद्ध, देशाची सुरक्षा असले विषय निघाले की त्याला शब्दच सुचत नाहीत. इंग्रजी शब्दसंग्रहाचा चांगला क्लास सांगा ना." बोलतात आईवडील. मुलगा शेजारी गप्प बसलेला असतो.

यंदा या प्रश्नाचं उत्तर लिहूनच देतो. हा क्लास लावू नका. लावला असेल तर पुढचा हप्ता भरू नका.

अशा क्लासमध्ये काय होतं ते मुलांच्या वह्यांत दिसतं. रोज पंचवीस शब्द, समोर एकेक अर्थ. कोअलिशन म्हणजे आघाडी, इन्सर्जन्सी म्हणजे बंडखोरी, सीझफायर म्हणजे शस्त्रसंधी. आठवड्याला चाचणी, महिन्याला नवी यादी. वर्षभरात हजारो शब्द पाठ होतात आणि एका प्रश्नात सगळे गळून पडतात. कारण त्या मुलाकडे शब्द असतो, पण शब्दामागची गोष्ट नसते.

गेल्या वर्षी सातारा जिल्ह्यातली एक मुलगी आली होती. तिला सीझफायर पाठ होता, ट्रीटीही पाठ होता. दोन्हींत फरक काय, विचारलं तर गप्प. मग मी विचारलं, "पुरंदरला 1665 मध्ये काय झालं?" ती घडाघडा सांगू लागली. मिर्झाराजे जयसिंगाचा वेढा, महाराजांनी दिलेले 23 किल्ले, ठेवून घेतलेले 12, बाकीच्या अटी. मी म्हटलं, "हीच ट्रीटी. तह. अटी ठरल्या, लिहिल्या गेल्या, दोघांनी मान्य केल्या. सीझफायरमध्ये फक्त तोफा थांबतात, भांडण तसंच राहतं." मग तिला कोरियाचं सांगितलं. तिथे 27 जुलै 1953 रोजी आर्मिस्टिस झाला, म्हणजे लढाई थांबवण्याचा लेखी करार. शांततेचा तह मात्र आजतागायत झालेला नाही. तीन शब्द, दहा मिनिटं. ते ती आता विसरणार नाही, कारण त्यांतला तह तिच्याकडे चौथीपासून होता. फक्त ट्रीटी हे त्याचंच इंग्रजी नाव आहे, हे तिला ठाऊक नव्हतं.

सीमेचंही तसंच. आपली मुलं सरसकट 'बॉर्डर' म्हणतात. पण पंजाब-राजस्थानकडे पाकिस्तानशी आपली आंतरराष्ट्रीय सीमा आहे. काश्मीरमध्ये नियंत्रण रेषा आहे. 1949 च्या शस्त्रसंधी रेषेच्या जागी 1971 च्या युद्धानंतर ती आली आणि 1972 च्या सिमला करारात तिला हे नाव मिळालं. चीनकडे आहे ती प्रत्यक्ष नियंत्रण रेषा. ती नेमकी कुठून जाते यावरच दोन्ही देशांचं एकमत नाही, म्हणून गस्ती पथकं समोरासमोर येतात. तीन नावांमागे तीन वेगळे इतिहास आहेत. मुलाखतीत तिन्हींना 'बॉर्डर' म्हणणाऱ्या मुलाचं इंग्रजी कच्चं नसतं. त्याचा अभ्यास कच्चा असतो.

'लॉ अँड ऑर्डर' हा शब्द तर रोज वर्तमानपत्रात असतो. राममनोहर लोहियांच्या स्थानबद्धतेच्या खटल्यात न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी तो उलगडून दाखवला. एकात एक तीन वर्तुळं कल्पा, असं ते म्हणाले. सर्वांत मोठं कायदा व सुव्यवस्थेचं, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचं, सर्वांत आत राज्याच्या सुरक्षिततेचं. दोन शेजाऱ्यांची हाणामारी बाहेरच्या वर्तुळात राहते, अख्खं गाव पेटवणारी दंगल दुसऱ्या वर्तुळात जाते. कोणाला खटल्याशिवाय डांबून ठेवता येईल, हे कोणतं वर्तुळ लागू पडतं यावर ठरतं. लोहिया त्या खटल्यात सुटले, कारण आदेशात दुसऱ्या वर्तुळाऐवजी पहिल्याचा शब्द वापरला होता. हा एक निकाल समजून घेतलेल्या मुलाला सुरक्षेवरचे शंभर शब्द पाठ करायची गरज नाही.

निवडणुकांचे शब्द शिकायला महाराष्ट्राइतकी चांगली शाळा नाही. 'व्हिप' म्हणजे काय? प्रतोद ही व्यक्तीही आणि तिने काढलेला पक्षादेशही. तो नेमायचा कुणी? 11 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने महाराष्ट्राच्याच प्रकरणात सांगितलं, राजकीय पक्षाने, विधिमंडळ पक्षाने नव्हे. या दोन शब्दांतल्या फरकावर आपल्या राज्यात महिनोन्‌महिने युक्तिवाद झाले. 'स्प्लिट' आणि 'मर्जर' यांचंही तसंच. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यात एक तृतीयांश आमदारांच्या फुटीला संरक्षण होतं, ते 2003 च्या घटनादुरुस्तीने गेलं, विलीनीकरणाचं राहिलं. हे सगळं मुलाने मराठी बातम्यांत ऐकलेलं असतं. तुमच्याच दिवाणखान्यात.

आता पालकांशी थोडं कठोर बोलतो, कारण खरी गाठ तिथेच आहे.

"आमच्या घरात राजकारणावर बोलत नाहीत," असं तुम्ही अभिमानाने सांगता. मुलाने जेवताना एखादं मत मांडलं की "तुला काय कळतंय, अभ्यास कर" म्हणता. मग त्याच मुलाला राजकारणावर इंग्रजीत बोलता यावं म्हणून हजारो रुपये मोजता. ज्या मुलाने घरात मोठ्यांचे शांत मतभेद कधी ऐकले नाहीत, त्याला गटचर्चेत समोरच्याचं म्हणणं खोडता येणार कसं? त्याची जीभ इंग्रजीमुळे अडत नाही. मत मांडलं की ओरडा बसतो, हे तो शिकलाय.

दुसरी चूक याहून वाईट. एका घरात वडिलांनी फर्मान काढलं, संध्याकाळी सातनंतर फक्त इंग्रजी. मुलाला इतिहासाची विलक्षण आवड होती, रोज आजोबांशी गप्पा व्हायच्या. तीन महिन्यांत त्या थांबल्या. आजोबांना इंग्रजी येत नव्हतं आणि मुलाला हवं ते इंग्रजीत सांगता येत नव्हतं. मुलगा माझ्याकडे आला तेव्हा मराठीतही जेवढ्यास तेवढं बोलत होता. याला शिस्त म्हणू नका. तुम्ही मुलाच्या तोंडाला कुलूप लावता आहात.

आता नेहमीच्या वाटा. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेतला इंग्रजीचा 300 गुणांचा पेपर पात्रतेपुरता असतो, 25 टक्के मिळाले की पुरे. अंतिम यादी 2025 गुणांवर लागते आणि त्यात या पेपरचे गुण धरत नाहीत. उत्तरं मराठीत लिहिता येतात, मुलाखतही मराठीत देता येते. प्रश्नपत्रिका मात्र इंग्रजी-हिंदीत असतात, म्हणून वाचून नीट समजण्याइतकं इंग्रजी हवंच. एनडीएच्या लेखी परीक्षेत 900 पैकी 200 गुण इंग्रजीला आहेत. पुढच्या एसएसबी मुलाखतीत अधिकारी तुमचा विचार कसा चालतो ते बघतात. लष्करी विषयांत रस असेल तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात संरक्षण व सामरिक शास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. कायदा आणि पत्रकारितेची माहिती तुम्हाला कुठेही मिळेल.

मला जी वाट सांगायची आहे तिच्याबद्दल कुणी विचारत नाही. दोन्ही भाषांत हे शब्द नेमके वापरता येणं हाच एक व्यवसाय आहे. अनुवादक, दुभाषी, प्रतिवेदक.

आपल्या तालुका न्यायालयांत साक्षी-जबाब मराठीत होतात आणि उच्च न्यायालयाचं काम इंग्रजीत चालतं. अपील वर गेलं की तो जबाब कुणीतरी इंग्रजीत न्यायचा असतो, आणि एका क्रियापदाच्या चुकीने माणसाच्या सुटकेची शक्यता मावळू शकते. विधानमंडळात सभागृहातला प्रत्येक शब्द प्रतिवेदक टिपतात. त्यासाठी लघुलेखनाचा वेग लागतो आणि तो नेटाच्या सरावानेच येतो. संसदेत मराठी भाषणांचं तिथल्या तिथे भाषांतर करणारे दुभाषी असतात. 1960 पासून राज्याचं भाषा संचालनालय आहे. शासन व्यवहाराचे आणि वेगवेगळ्या शास्त्रांचे परिभाषा कोश त्यानेच काढले. राज्यकारभाराचा शब्द आपला असावा म्हणून शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला होता. इतक्या जुन्या कामाला आज आपण करिअर म्हणून मोजत नाही, याचं मला दुःख आहे.

"हे तर मशीनच करेल ना?" असं पालक विचारतात. कच्चा मसुदा मशीन करतंच. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये निकालांच्या अनुवादासाठी 'सुवास' ही प्रणाली आणली. पण तो मसुदा विषय समजणाऱ्या माणसाने तपासावाच लागतो. का, ते 1967 च्या उदाहरणावरून कळेल. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या 242 क्रमांकाच्या ठरावात इस्रायलने व्यापलेल्या प्रदेशांतून माघार घ्यावी असं म्हटलं आहे. इंग्रजी मसुद्यात 'टेरिटरीज'च्या आधी 'द' नाही. फ्रेंच मसुदा वाचला तर 'त्या सर्व प्रदेशांतून' असा अर्थ निघू शकतो. माघार सगळ्या प्रदेशांतून की काहींतून, हा वाद तेव्हापासून चालू आहे. इतक्या लहान शब्दाचं वजन ज्याला कळतं, त्याची गरज संपणार नाही. जागा थोड्या असतात, जाहिराती उशिरा निघतात, म्हणून पदवी आणि दुसरा पर्याय हाताशी ठेवाच. पण मुलाला दोन्ही भाषा मनापासून आवडत असतील तर ही वाट त्याच्यापासून लपवू नका.

आता काम. एक वही घ्या. डाव्या पानावर मराठीत घडलेली गोष्ट लिहा, उजव्या पानावर तिचे इंग्रजी शब्द. एकच बातमी आधी मराठीत वाचा, मग इंग्रजीत. आपल्या मतदारसंघातल्या उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुलं असतं, ते ओळीओळीने वाचा. मालमत्ता, देणी, प्रलंबित खटले यांचे शब्द तिथे जिवंत भेटतील. ग्रामपंचायतीची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो आणि विधानसभेची भारताचा निवडणूक आयोग, हे दोन आयोग वेगळे का, ते घरात विचारा. घरातल्यांना माहीत नसेल तर सगळ्यांनी मिळून शोधा. आणि ग्रामसभेला जाऊन बसा.

ती साताऱ्याची मुलगी सहा महिन्यांनी वही घेऊन पुन्हा आली. तिच्या गावची ग्रामसभा पुरेशी माणसं न जमल्याने पुढे ढकलली गेली होती. डाव्या पानावर तिने लिहिलं होतं, 'गणपूर्तीअभावी सभा तहकूब.' उजवं पान झाकून ती माझ्याकडे बघत सावकाश म्हणाली, "द मीटिंग वॉज अजर्न्ड फॉर वाँट ऑफ कोरम." मग, मी न विचारताच, गावातली माणसं का आली नाहीत ते ती सांगू लागली. आधी मराठीत, मग जमेल तसं इंग्रजीत. तिचे वडील शेजारी बसले होते. त्यांनी तिला मध्ये तोडलं नाही.