स्वस्त संगणक कोणता?

समजा, अहिल्यानगर जिल्ह्यातील एका शाळेला संगणक घ्यायचे आहेत. विंडोज प्रणालीला पैसे पडतात. लिनक्सच्या बहुतेक आवृत्त्या विनामूल्य मिळतात. मग लिनक्स स्वस्त, असे लगेच म्हणावे काय?

प्रत्येक प्रणालीत काही चुका राहतातच. त्या फटींतून घातक आज्ञावली आत शिरतात, म्हणून निर्माते वेळोवेळी दुरुस्त्या पाठवतात. विंडोजमधील अशा एका फटीवरची दुरुस्ती १४ मार्च २०१७ रोजी निघाली. ती न बसवलेल्या संगणकांत १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ शिरला. त्याच फटीचा उपयोग करणाऱ्या दुसऱ्या हल्ल्याने २७ जून रोजी आपल्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. दुरुस्त्या लिनक्सलाही बसवाव्याच लागतात.

विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ अनेक जुन्या यंत्रांवर चालत नाही. त्यांतील कित्येकांवर लिनक्स चालते. मात्र ते शिकण्यास वेळ द्यावा लागतो.

तेव्हा यंत्र, प्रणाली, शिक्षण व देखभाल यांचा खर्च मिळवा आणि दुरुस्त्या जितकी वर्षे मिळतील त्या संख्येने भागा. येईल तो वार्षिक खर्च. तुलना करायची ती याची!

तुमच्या शाळेतील संगणकांना दुरुस्त्या कधीपर्यंत मिळणार आहेत? शिक्षकांच्या मदतीने शोधा आणि वहीत नोंदवा.