थंड देशातील लहान मोटार

कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात विनिपेग हे शहर आहे. सभोवार शेकडो किलोमीटर सपाट गवताळ मैदान पसरलेले असून उत्तरेकडून येणाऱ्या वाऱ्याला अडविणारा एकही डोंगर वाटेत नाही. जानेवारीतील सरासरी तपमान उणे १६ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि उणे ३० अंशांची रात्र उजाडली तरी तेथील रहिवाशांना त्याचे विशेष वाटत नाही. अशा शहरात प्रथमच आलेल्या परदेशी माणसाला एक गोष्ट मात्र चमत्कारिक वाटते. रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारींच्या पुढच्या जाळीतून विजेच्या वायरीचे टोक बाहेर लोंबत असते आणि त्याला साधा घरगुती प्लग लावलेला असतो. मोटारी तर पेट्रोलवर चालणाऱ्या; मग ही वायर कशासाठी?

उष्ण देशातील माणसाची अशी समजूत असते की, बर्फावरून मोटार हाकणे हेच तेथील मोटारमालकापुढील मोठे संकट असावे. ते अवघड आहे यात शंका नाही. परंतु चाकांखालच्या बर्फाशी काही तासांचीच गाठ असते. बाकीचा सारा दिवस आणि सारी रात्र मोटार एका जागी उभी असते, आणि थंडी आपले काम करते ते त्या वेळी. संध्याकाळी व्यवस्थित चालत आलेली मोटार सकाळी लोखंडाचा निर्जीव ठोकळा होऊन बसते. हिवाळ्यात मोटार बाळगणे म्हणजे मुख्यतः उभ्या मोटारीची निगा राखणे होय.

उभ्या मोटारीत रात्रभर काय घडते ते पाहू. एंजिनच्या तळाशी असलेले वंगण तेल थंडीने दाट होत जाते. जुन्या एकेरी प्रतीचे तेल तर मधासारखे घट्ट होई आणि एंजिनचा दांडा त्यात रुतून बसे. दुसरीकडे, ज्या बॅटरीने हा दांडा फिरवायचा तिच्यातील रासायनिक क्रिया मंदावते. पूर्ण भारित अशा चांगल्या बॅटरीचीही झटका देण्याची शक्ती उणे १८ अंशांवर उन्हाळ्याच्या मानाने सुमारे निम्म्यावर येते. म्हणजे काम वाढते त्याच वेळी कामकऱ्याचे बळ घटते. त्यातच पेट्रोलची वाफ होण्याचे प्रमाण कमी झाल्यामुळे ठिणगी पडली तरी मिश्रण पेट घेत नाही. चार-पाच वेळा किल्ली फिरविली की उरलेसुरले बळही संपते. बॅटरी अशी रिकामी झाली की तिच्यातील आम्ल पातळ होते, आणि पातळ आम्ल उणे दहा अंशांच्या सुमारासही गोठू शकते. भारित बॅटरीला मात्र उणे ५० अंशांचीही भीती नसते. सकाळच्या एका फसलेल्या प्रयत्नानंतर संध्याकाळपर्यंत बॅटरीची पेटी तडकलेली आढळते, त्याचे कारण हेच.

पूर्वीच्या काळी या प्रदेशातील लोक रात्री एंजिनमधील तेल व पाणी काढून घरात नेत, सकाळी चुलीवर गरम करीत आणि पुन्हा मोटारीत ओतीत. या कटकटीवर व्यवहार्य तोड काढणाऱ्यांपैकी एक होते अँड्र्यू फ्रीमन. सीमेपलीकडील अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यात, ग्रँड फोर्क्स येथे ते राहत. एंजिनचा माथा आवळणाऱ्या बोल्टांपैकी एक काढून त्याच्या जागी बसविता येईल असा विजेचा तापक त्यांनी तयार केला. त्याचे एकस्व १९४९ साली मंजूर झाले. पुढे एंजिनच्या पाण्यातच बुडणारे तापक आले. जाळीतून लोंबणारी ती वायर या तापकाची होय. घराच्या भिंतीवर, कार्यालयांच्या व दुकानांच्या वाहनतळांवर विजेचे प्लग बसविलेले असतात आणि मोटार उभी केली की घोड्याला खुंटीला बांधावे तशी ती तेथे जोडावयाची. रात्रभर वीज जाळण्याचे मात्र कारण नाही. घड्याळी बटण लावून निघण्यापूर्वी तीन-चार तास तापक चालू राहिला तरी पुरतो.

येथे लहान मोटारीचा पहिला फायदा दिसतो. तिचे एंजिन लहान, तेल थोडे, फिरवावयाचे लोखंडही थोडे. म्हणून सुमारे ४०० वॅटचा तापक तिला पुरेसा होतो आणि अशक्त बॅटरीही तिला जागे करू शकते. पण याच लहानपणाची दुसरी बाजूही आहे. थोडे इंधन जाळणारे एंजिन थोडीच उष्णता निर्माण करते. दोन-तीन किलोमीटरच्या फेरीत ते पुरते तापतच नाही. जळण्यातून निर्माण झालेली पाण्याची वाफ तेलात उतरते व तेलाचा दुधाळ चिखल होतो. धूर सोडणारी नळी आतून गंजते. आणि सुरू होताना खर्चलेली वीज बॅटरीत परत येत नाही. लहान मोटारीचे मालक तिला जवळच्या कामांसाठीच वापरतात, आणि नेमके तेच तिला मानवत नाही. आठवड्यातून एकदा तरी तिला लांबच्या रस्त्यावर अर्धा-पाऊण तास नेऊन आणावे, हे उत्तम.

१९५० नंतरच्या दशकांत कॅनडात लोकप्रिय झालेली फोक्सवागनची 'बीटल' हे या द्वंद्वाचे बोलके उदाहरण. तिचे एंजिन वाऱ्याने थंड होणारे, म्हणजे गोठण्यासारखे पाणीच तिच्यात नव्हते. एंजिन मागे आणि मागच्याच चाकांना गती, त्यामुळे वजन नेमके हवे तेथे पडे आणि बर्फात ही हलकी मोटार मोठमोठ्या मोटारींपेक्षा सहज चढण चढे. परंतु आत बसलेल्यांची स्थिती दयनीय होती. धुराड्याच्या नळीभोवती तापलेली हवा मोटारीच्या कडेच्या पोकळ पट्ट्यांतून पुढे आणलेली असे. ती काचेपर्यंत पोहोचता पोहोचता कोमट होई. पट्ट्या गंजून भोके पडली की तीही वाटेतच निसटे. चालक एका हाताने चाक धरून दुसऱ्या हाताने काचेच्या आतील बाजूवर साचलेले आपल्याच श्वासाचे हिम खरवडीत असे. तिला पेट्रोलवर चालणारी वेगळी शेगडी बसविण्याचीही सोय होती, यावरून थंडीची कल्पना यावी.

पाण्याने थंड होणाऱ्या एंजिनाच्या बाबतीत एक चूक नवखे लोक हटकून करतात. रेडिएटरमधील पाणी गोठू नये म्हणून त्यात एथिलीन ग्लायकॉल मिसळतात, हे सर्वांना ठाऊक असते. म्हणून 'जितके अधिक तितके बरे' असे समजून काहीजण निव्वळ ग्लायकॉलच भरतात. वास्तविक शुद्ध ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या सुमारास गोठते. निम्मे पाणी व निम्मे ग्लायकॉल हे मिश्रण मात्र जवळजवळ उणे ३७ अंशांपर्यंत टिकते. दोन्ही द्रव्यांचे रेणू एकमेकांना स्फटिकात रचू देत नाहीत, म्हणून मिश्रण दोहोंपेक्षा चिवट ठरते. तेलाच्या डब्यावरील ०डब्ल्यू, ५डब्ल्यू ही अक्षरेही नीट वाचावयास हवीत. डब्ल्यू म्हणजे हिवाळा. त्यापूर्वीचा अंक जितका लहान तितके ते तेल थंडीत अधिक वाहते राहते.

पेट्रोल या थंडीत गोठत नाही, पण टाकीत साचलेला ओलावा गोठून नळीत अडकतो. म्हणून टाकी शक्यतो भरलेली ठेवतात. डिझेलची गोष्ट निराळी. त्यातील मेण थंडीने वेगळे होऊन गाळणीत बसते. आपल्याकडे लडाखमधील चालक यासाठी डिझेलमध्ये रॉकेल मिसळीत. उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे हिवाळी डिझेल इंडियन ऑइलने तेथे आणले ते २०१९ साली.

टायरांविषयी थोडक्यात सांगता येईल. उबदार गॅरेजमध्ये चौरस इंचाला ३२ पौंड असा दाब भरला, तर उणे ३० अंशांत तो सुमारे २४ पौंडांवर उतरतो. शिवाय सामान्य टायरचे रबर सात अंशांखाली कडक होऊ लागते आणि त्याची पकड सुटते. हिवाळी टायर मऊ रबराचे असतात. क्वेबेक प्रांताने तर २००८ पासून हिवाळ्यात ते कायद्यानेच सक्तीचे केले आहेत. माझ्या मते चारही चाकांना गती देणाऱ्या महागड्या यंत्रणेपेक्षा चार चांगले हिवाळी टायर अधिक उपयोगी पडतात, कारण ती यंत्रणा मोटार पुढे ढकलते, पण थांबविताना तिचा काहीच उपयोग होत नाही. हातब्रेक मात्र रात्री ओढून ठेवू नये, त्याची तार ओल धरून गोठते. सपाट जागी गिअरमध्ये ठेवलेली मोटार पुरेशी स्थिर असते.

आता सर्वांत गंभीर बाब. मैदानावर हिमवादळ सुटले की काही मिनिटांत रस्ता व शेत यांतील फरक नाहीसा होतो. ठेंगणी मोटार हिमाच्या ढिगावर पोटाने टेकते, चाके अधांतरी फिरतात आणि प्रवास तेथेच संपतो. अशा वेळी मोटार सोडून चालत निघालेली माणसे वाट चुकून दगावतात. मोटारीतच थांबणे हा पहिला नियम. दुसरा धोका आत असतो. ऊब मिळावी म्हणून एंजिन चालू ठेवले आणि धुराची नळी बर्फाने बुजलेली असली, तर कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला झोप येते एवढेच. म्हणून एंजिन तासातून दहा मिनिटेच चालवावे, प्रत्येक वेळी आधी बाहेर जाऊन नळी मोकळी करावी आणि वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची खिडकी बोटभर उघडी ठेवावी. घोंगडी, लोकरीचे मोजे, काही खाणे, पत्र्याचा डबा व त्यात लावावयाची मेणबत्ती एवढे सामान नोव्हेंबरपासून मोटारीत असावे. नळी मोकळी करण्यासाठी लागणारे फावडे मात्र मागच्या सामानकप्प्यात ठेवू नये. त्या कप्प्याचे झाकण गोठून बसते. फावडे आत, आसनाखाली ठेवावे.