अल्प खर्चात बुलढाणा जिल्ह्याचे क्षेत्रदर्शन

श्रीक्षेत्र शेगाव येथे येणाऱ्या भाविकांपैकी पुष्कळजण दर्शन व महाप्रसाद घेऊन त्याच दिवशी परतीची गाडी धरतात. वेळ नाही आणि पुढे गेल्यास खर्च वाढेल, ही दोन कारणे साधारणतः सांगितली जातात. वस्तुतः ज्या जिल्ह्यात शेगाव आहे, त्याच जिल्ह्यात लोणारचे सरोवर आहे, मेहकरचा बालाजी आहे आणि राजमाता जिजाऊंचे जन्मस्थान सिंदखेडराजाही आहे. ही सर्व स्थळे एस.टी.च्या तिकिटात व तीन दिवसांच्या सवडीत पाहता येतात. त्यासाठी पैशापेक्षा पूर्वनियोजन अधिक लागते.

मार्गाची आखणी

गेलेल्या वाटेनेच परत न येणे, हा अल्पखर्चिक यात्रेचा पहिला नियम होय. शेगाव हे मुंबई–नागपूर–हावडा लोहमार्गावरील स्थानक आहे, तर जिल्ह्याच्या दक्षिण सीमेपलीकडील जालना हे मनमाड–सिकंदराबाद मार्गावर आहे. शेगावी उतरून खामगाव, मेहकर, लोणार व सिंदखेडराजा असे दक्षिणेकडे सरकत जालन्यास गाडी धरली, तर एकही टप्पा दोनदा करावा लागत नाही. नागपूरकडील भाविकांनी मात्र सिंदखेडराजाहून मेहकरमार्गे परतणे सोयीचे ठरते.

एस.टी.च्या सवलतींची माहिती नसल्यामुळे अनेकजण विनाकारण पूर्ण भाडे देतात. ६५ ते ७५ वर्षे वयाच्या नागरिकांना अर्धे भाडे पडते. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांचा प्रवास विनामूल्य झाला, आणि मार्च २०२३ पासून महिलांना तिकिटात पन्नास टक्के सवलत लागू झाली. वयाचा दाखला देणारे ओळखपत्र जवळ असणे आवश्यक आहे. चार किंवा सात दिवसांचा ‘आवडेल तेथे प्रवास’ हा पासही आहे. तथापि केवळ या तीन दिवसांच्या मार्गासाठी सुटी तिकिटे स्वस्त पडतात की पास, याचा हिशेब आगारात विचारून करावा. रेल्वेतील ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० मध्ये स्थगित झाली, हे ध्यानात घेऊनच घरून निघताना रकमेची तजवीज करावी.

पहिला दिवस : शेगाव

श्री गजानन महाराज २३ फेब्रुवारी १८७८ रोजी, माघ वद्य सप्तमीस, शेगावी प्रकट झाले आणि ८ सप्टेंबर १९१० रोजी, ऋषिपंचमीस, त्यांनी समाधी घेतली. प्रकटदिन, रामनवमी व ऋषिपंचमी या पर्वकाळी येथे अपार गर्दी होते. गुरुवार व रविवारीही रांग लांबते. ज्यांना उत्सवच अनुभवायचा आहे त्यांनी त्या दिवशी अवश्य यावे; परंतु स्वस्त निवास व शांत दर्शन हवे असल्यास आठवड्यातील अन्य दिवस निवडावा. संस्थानच्या भक्तनिवासात माफक दरात राहण्याची सोय होते. पहाटेचे दर्शन झाल्यावर मुक्काम आवरून दुपारपर्यंत खामगावमार्गे मेहकरची गाडी धरता येते.

दुसरा दिवस : मेहकर व लोणार

पैनगंगेच्या काठी वसलेल्या मेहकर येथे शारंगधर बालाजीचे मंदिर आहे. काळ्या पाषाणातील ही भव्य विष्णुमूर्ती १८८८ मध्ये भूमीतून सापडली. पुरुषभर उंचीहूनही मोठी असलेली ही मूर्ती सर्वांगी कोरीव आहे. समोरून हात जोडून लगेच वळू नये. प्रभावळीतील लहान आकृती निरखण्यास थोडा वेळ द्यावा.

मेहकरहून लोणार सुमारे २५ किलोमीटर आहे. कृष्णप्रस्तरात, म्हणजे बेसाल्ट खडकात, उल्काघाताने निर्माण झालेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आहे. लवणासुराचा वध भगवान विष्णूंनी येथे केला, अशी कथा परंपरेने सांगितली जाते, आणि त्या कथेची शिल्पाकृती म्हणजे गावातील दैत्यसूदन मंदिर होय. इंग्रज अधिकारी अलेक्झांडर याने १८२३ मध्ये या स्थळाची नोंद केली. पण त्याच्या फार पूर्वी, अकबराच्या काळातील ‘ऐन-ए-अकबरी’ ग्रंथातही येथील क्षारांचा उल्लेख आला आहे. पाणी खारे व अल्कधर्मी आहे. जून २०२० मध्ये ते गुलाबी झाले, तेव्हा ते क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे घडले, असे शास्त्रज्ञांना आढळून आले. त्याच वर्षी या सरोवरास रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

गोमुखाची धार, काठावरील मंदिरे, गावातील दैत्यसूदन व निजलेला मारुती हे सर्व पायी पाहता येते. वाहन करण्याची आवश्यकता नाही. विवरात उतरणे सोपे असले तरी चढून येताना दमछाक होते. म्हणून उन्हाळ्यात सकाळीच उतरावे आणि पाणी सोबत न्यावे. पाण्याची पातळी वाढल्यास काठावरील कमळजादेवी मंदिराची वाट बंद होऊ शकते. उतरण्यापूर्वी चौकशी करावी.

तिसरा दिवस : सिंदखेडराजा

१२ जानेवारी १५९८ रोजी राजमाता जिजाऊंचा जन्म लखुजीराव जाधवांच्या येथील राजवाड्यात झाला. दरवर्षी त्या दिवशी राज्यभरातून जनसमुदाय येथे लोटतो. राजवाड्याचे भव्य प्रवेशद्वार पाहून बहुतेक प्रवासी परततात. परंतु लखुजीरावांची घुमटाकार समाधी पाहिल्याशिवाय हे दर्शन पूर्ण होत नाही. १६२९ मध्ये निजामशाहीच्या दरबारात लखुजीराव, त्यांचे पुत्र व नातू यांची दग्याने हत्या झाली. ज्या मातेने शिवरायांस स्वराज्याचा संस्कार दिला, तिच्या माहेरी काय घडले होते, हे या समाधीसमोर उभे राहिल्यावर उमगते. याच परिसरात २०२४ मध्ये पुरातत्त्व खात्याच्या उत्खननात शेषशायी विष्णूची सुंदर मूर्ती मिळाली. गावातील नीलकंठेश्वर मंदिर, पुतळा बारव व मोती तलाव हेही पायी अंतरावर आहेत. सवड असल्यास जवळच्या देऊळगावराजा येथील बालाजीचे दर्शन घेऊन जालन्याकडे निघावे.

स्वस्त यात्रेचा भार कोण वाहतो?

येथवर पैसे वाचविण्याचा विचार झाला. आता दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. यात्रेकरू जो खर्च करीत नाही, तो बहुधा दुसरा कोणीतरी करीत असतो. शेगावी महाप्रसादाचे पात्र विनामूल्य पुढे येते, कारण सहस्रावधी सेवेकरी वेतन न घेता सेवा देतात आणि देणगीदार शिधा पुरवितात. पानात अन्न टाकणारा भाविक आपले काहीच गमावत नाही. तो त्या सेवेकऱ्याच्या श्रमाचा अपव्यय करतो. ज्याला देणगी देणे शक्य नाही, त्याने ताट स्वच्छ ठेवावे व रांगेत वृद्धांना पुढे जाऊ द्यावे. तीही देणगीच होय.

लोणारसारख्या ठिकाणी असे सेवेकरी नसतात. तेथे टाकलेली प्लॅस्टिकची बाटली कोणी उचलली नाही, तर पावसाच्या ओहोळाबरोबर सरोवरात जाते. विवराला पाणी बाहेर जाण्यास वाट नाही. आत गेलेले आतच राहते. म्हणून धारेवर साबण लावून स्नान करू नये व कपडे धुऊ नयेत. धातूची बाटली व कापडी पिशवी घरूनच आणल्यास पैसेही वाचतात आणि क्षेत्रही निर्मळ राहते.

प्राचीन मंदिरांबाबत भाविकांची भक्तीच कधी कधी हानीस कारण होते. हेमाडपंती बांधणीत दगड चुन्यावाचून एकमेकांत बसविलेले असतात. अशा सांध्यांत नाणी खोचल्यास फटी रुंदावतात. भिंतीवरील शिल्पांस तेल व शेंदूर लावल्यास त्यावर धूळ चिकटते आणि शेकडो वर्षे टिकलेली बोटे, अलंकार व मुखावरील भाव थराखाली झाकले जातात. पूजा गाभाऱ्यातील देवतेची करावी, आणि बाहेरील शिल्पांस नुसत्या दृष्टीने वंदन करावे. भिंतीवर नाव कोरणे तर सर्वथा निषिद्ध समजावे.

पूर्वीचे यात्रेकरू खांद्यावर पडशी टाकून पायी निघत, धर्मशाळेच्या ओसरीवर निजत आणि पहाटे निघण्यापूर्वी ती ओसरी झाडून जात. त्यांच्याजवळ पैसा नव्हता, पण त्यांच्यामुळे कोणत्याही गावास उपद्रव झाला नाही. आजच्या भाविकांनी एस.टी.ने जावे, साध्या खोलीत राहावे, घरची शिदोरी खावी. यात कमीपणा काहीच नाही. मात्र पाहिलेले स्थळ पुढील यात्रेकरूस तसेच, किंबहुना किंचित अधिक स्वच्छ, मिळेल इतकी काळजी घेऊनच पुढची गाडी धरावी.